कॅमेऱ्याने घेतलेले शाफ्टच्या व्यासाचे माप सकाळी एक आणि दुपारी दुसरे : चूक नेमकी कुठे शोधावी?

प्रश्न : दंडगोल

नमस्कार. ग्राइंडिंग झालेल्या पोलादी शाफ्टचा बाहेरचा व्यास कॅमेऱ्याने मोजणारे एक तपासणी स्थानक काही महिन्यांपासून माझ्या देखरेखीखाली आहे. व्यास २५ मिमी असून टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) अधिक-उणे १० मायक्रॉन आहे, म्हणजे एकूण पट्टा २० मायक्रॉनांचा. पूर्वी हेच काम मायक्रोमीटरने नमुना तपासणी करून होत असे. आता प्रत्येक जॉब (यंत्रावर घडवलेला नग) मोजावा असे ठरले आणि त्यासाठी हे स्थानक उभारले गेले.

मांडणी अशी आहे. जॉब व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) स्थिर टेकतो, कॅमेरा त्याच्याकडे आडवा पाहतो आणि पलीकडे लाल एलईडीचा बॅकलाइट आहे, त्यामुळे चित्रात शाफ्टची काळी छाया दिसते. कॅमेरा कृष्णधवल, २४४८ × २०४८ पिक्सेलचा असून एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे. लेन्स ५० मिमीची, छिद्र एफ/८ वर लावलेली आणि जॉबपासून साधारण ३०० मिमी अंतरावर आहे. दृश्यक्षेत्र ४२ मिमीच्या आसपास भरते, म्हणजे जॉबवरील सुमारे १७ मायक्रॉन एका पिक्सेलमध्ये येतात. सॉफ्टवेअर ज्या ठिकाणी करडेपणा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) १२८ ही ठरलेली पातळी ओलांडतो तेथे कड मानते, पिक्सेलच्या अंशापर्यंत तिचे स्थान काढते आणि ५०० ओळींची सरासरी घेते. कॅलिब्रेशन काचेवर छापलेल्या ठिपक्यांच्या जाळीने केले आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की सुरुवातीपासूनच सर्व वाचने मायक्रोमीटरपेक्षा २१-२२ मायक्रॉनांनी जास्त येत होती. फरक स्थिर असल्यामुळे तो सॉफ्टवेअरमध्ये वजा करून टाकण्यात आला आणि काम पुढे सुरू झाले. दुसरी अडचण त्यानंतर आली : त्याच स्थानकावर १६ मिमी व्यासाचे शाफ्ट लावले, तेव्हा तोच फरक वजा केल्यामुळे सगळे जॉब १५-१६ मायक्रॉनांनी लहान दिसू लागले. तिसरी अडचण रोजची आहे. सकाळी पहिल्या तासाला मायक्रोमीटरशी जुळणारी वाचने दुपारपर्यंत ५ ते ६ मायक्रॉनांनी वाढतात, आणि वरच्या मर्यादेजवळचे चांगले जॉब रिजेक्ट होतात. तेच जॉब दुसऱ्या दिवशी तपासणी कक्षात मोजले की मापात बसतात.

पाचऐवजी वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवल्यास हे सारे थांबेल, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. खर्च करण्यापूर्वी मला कारण समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : छायारेषा

नमस्कार. आपण अंतर, व्यास आणि लेन्स हे तिन्ही आकडे दिलेत, हे फार बरे केले, कारण पहिल्या दोन अडचणींचे उत्तर त्यांतच आहे. कॅमेरा बदलू नका, निदान आत्ता तरी नको.

साधी लेन्स वस्तूकडे एका बिंदूतून पाहते. तिच्याकडे येणारे किरण समांतर नसतात, शंकूसारखे निमुळते होत येतात. सपाट काचेवरच्या जाळीला याने काही बाधा येत नाही, कारण जाळीचे सर्व ठिपके एकाच प्रतलात, लेन्सपासून ठरलेल्या अंतरावर असतात. शाफ्टचे तसे नाही. शाफ्टची छाया ज्या किरणांनी ठरते ते त्याच्या पृष्ठभागाला स्पर्श करून जातात, आणि तो स्पर्श व्यासाच्या टोकांवर न होता त्यांच्या किंचित अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला होतो. तेच किरण शाफ्टच्या मध्यप्रतलापर्यंत मागे नेऊन पाहिले तर ते खऱ्या व्यासाच्या बाहेर पडतात. मध्यप्रतलात ठेवलेल्या जाळीने कॅलिब्रेशन झालेले असेल, तर सॉफ्टवेअर या बाहेरच्या खुणाच मोजते आणि शाफ्ट मोठा दाखवते.

किती मोठा, तेही काढता येते. त्रिज्येला अंतराने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करून त्याचे अर्ध घ्यावे. साधारण तितक्या प्रमाणात व्यास वाढलेला दिसतो. त्रिज्या १२.५ मिमी आणि अंतर ३०० मिमी धरले तर ही वाढ ०.०८७ टक्के होते. २५ मिमीवर ती जवळपास २२ मायक्रॉन भरते, म्हणजे आपल्याला दिसलेला फरकच. १६ मिमीच्या शाफ्टसाठी हीच वाढ ६ मायक्रॉनांच्या आत राहते, कारण ही चूक व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जेथे ६ वजा करायला हवे होते तेथे २२ वजा झाले, म्हणून सर्व जॉब १६ मायक्रॉनांनी लहान दिसले. आपले यंत्र बिघडलेले नाही. भूमितीचा परिणाम आपण एका स्थिर संख्येखाली झाकला होता आणि व्यास बदलताच तो उघडा पडला.

स्थिर फरक वजा करून पुढे जाण्याची ही सवय मला खरोखर धोक्याची वाटते. कारण न समजता वजा केलेला आकडा आज बरोबर ठरतो आणि परिस्थिती बदलली की कोणतीही सूचना न देता चुकीचा होतो.

यावरचा खरा उपाय टेलिसेंट्रिक लेन्स हा आहे. तिच्यात फक्त प्रकाशीय अक्षाला समांतर असलेले किरणच प्रतिमा घडवतात, त्यामुळे तिच्या ठरलेल्या कक्षेत वस्तू पुढे-मागे सरकली तरी मोठेपणा जवळजवळ बदलत नाही आणि शाफ्टची छाया खऱ्या व्यासावरच पडते. वस्तू सरकली तरी माप न बदलण्याचा फायदाही लहान नाही. आपल्या आताच्या मांडणीत व्ही-ब्लॉकवर बारीक किस अडकून जॉब कॅमेऱ्याकडे ०.१ मिमी सरकला, तर एवढ्यानेच व्यास ८ मायक्रॉनांनी वाढलेला दिसेल. टेलिसेंट्रिक लेन्सची अट एवढीच की तिचे पुढचे भिंग दृश्यक्षेत्रापेक्षा मोठे असावे लागते, म्हणून ती जड आणि लांब असते व तिच्यासाठी भक्कम आधार करावा लागतो. मात्र २५ मिमीच्या शाफ्टसाठी आपल्याला ४२ मिमीचे क्षेत्र लागतच नाही. ते ३० मिमीवर आणले तर लेन्सही आटोक्यातली मिळेल आणि प्रत्येक पिक्सेल जॉबवरचा अधिक लहान भाग पाहील.

लेन्स येईपर्यंतची सोय म्हणून काचेची जाळी बाजूला ठेवा आणि प्रत्येक व्यासासाठी त्याच मापाचा, तशाच पृष्ठभागाचा, प्रमाणित माप असलेला दंडगोल मास्टर वापरा. मास्टर जॉबसारखाच गोल असल्यामुळे त्याच्यावरही तीच भूमिती लागू होते आणि चूक आपोआप दोन्ही बाजूंनी सारखी राहते.

उत्तर : वीस_अंश

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. तिसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. दुपारी वाचन वाढण्यामागे माझ्या अंदाजाने दोन वेगळी कारणे असून ती एकाच दिशेने काम करत आहेत.

पहिले कारण प्रकाशाचे. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, आणि लाल एलईडीत हा परिणाम निळ्यापेक्षा जास्त असतो. आपली कड मात्र १२८ या ठाम पातळीवर बांधलेली आहे. चित्रात काळ्यापासून उजळापर्यंतचा बदल एका पिक्सेलमध्ये होत नाही, तो उतारासारखा असतो. समजा हा उतार ४ पिक्सेल रुंद आहे आणि १२८ ही पातळी सुरुवातीला त्याच्या बरोबर मध्यावर होती. पार्श्वभूमीचा उजेड ५ टक्क्यांनी उतरला, तर तीच पातळी गाठण्यासाठी उतारावर थोडे आणखी उजेडाच्या बाजूला जावे लागते. हे सरकणे जेमतेम दशांश पिक्सेल असते, पण आपल्या पिक्सेलच्या हिशेबाने ते एका कडेला १.८ मायक्रॉन आणि दोन्ही कडा मिळून ३.६ मायक्रॉन होते. कडा बाहेर सरकतात, म्हणजे शाफ्ट जाड दिसतो.

दुसरे कारण तापमानाचे. लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरायची, हा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ पासून चालत आला आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन प्रसरण पावते. मास्टर आणि ग्राइंडिंगमधून नुकताच आलेला जॉब यांच्या तापमानात ८ अंशांचा फरक असेल, तर २५ मिमी व्यासात २.३ मायक्रॉनांचा फरक पडतो. सकाळी यंत्र आणि कूलंट दोन्ही थंड असतात, दुपारपर्यंत दोन्ही तापतात. ३.६ आणि २.३ मिळून ५.९ होतात, आणि आपले निरीक्षण ५ ते ६ चे आहे. माझी गृहीतके तंतोतंत आहेत असे मी म्हणणार नाही, पण आकडे याच घरातले आहेत. दुसऱ्या दिवशी तपासणी कक्षात तेच जॉब मापात बसतात, कारण तोवर ते थंड झालेले असतात आणि मायक्रोमीटरला उजेडाशी काही देणेघेणे नसते.

दोन्ही कारणे वेगळी करून तपासणे सोपे आहे. एकच थंड मास्टर जागेवर ठेवा आणि फक्त बॅकलाइटचा विद्युतप्रवाह मुद्दाम कमी करून वाचन पाहा. मग उजेड तसाच ठेवून एक गरम आणि एक थंड जॉब मोजा. अर्धा दिवस पुरेल.

उपायांपैकी सर्वांत आधी सॉफ्टवेअरमधली ठाम पातळी काढून टाका. त्या-त्या चित्रातील कडेजवळचा सर्वांत काळा आणि सर्वांत उजळ भाग घेऊन त्यांच्या मध्याला कड माना, किंवा करडेपणा ज्या ठिकाणी सर्वांत वेगाने बदलतो ते स्थान घ्या. उजेड सर्वत्र सारख्या प्रमाणात कमी झाला तर ही स्थाने हलत नाहीत. बॅकलाइट सतत पेटता ठेवण्याऐवजी चित्र घेण्यापुरता क्षणभर पेटवा (स्ट्रोब करा), म्हणजे तो तापणारच नाही. तापमानासाठी जॉबजवळ एक स्पर्श-संवेदक ठेवून गणिताने दुरुस्ती करता येते, पण त्यापेक्षा मला मास्टर जॉबांच्याच सोबत, त्याच वातावरणात ठेवणे आणि दर ठरावीक जॉबांनंतर तो मोजून शून्य पुन्हा बसवणे अधिक भरवशाचे वाटते. जॉब मोजण्यापूर्वी काही मिनिटे निवण्याची जागा मिळाली तर आणखी उत्तम.

५०० ओळींच्या सरासरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सरासरीने यादृच्छिक हेलकावे कमी होतात, आणि ५०० ओळींनी ते सुमारे बावीसपट कमी होतील. परंतु उजेड, तापमान आणि भूमिती यांच्या चुका प्रत्येक ओळीत एकाच दिशेने असतात. त्या सरासरीत जशाच्या तशा उतरतात. म्हणूनच आपली वाचने एकमेकांशी सुरेख जुळतात आणि तरीही सगळी मिळून सरकतात.

उत्तर : छायारेषा

वीस मेगापिक्सेलविषयी मी आधी कारण दिले नव्हते, ते आता जोडतो. एफ/८ वर लाल प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संवेदकावर १२ मायक्रॉनांहून मोठ्या ठिपक्यासारखा पसरतो, म्हणजे आपले साडेतीन ते चार पिक्सेल व्यापतो. त्याच आकाराच्या संवेदकावर चौपट पिक्सेल बसवले तर ते निम्म्या रुंदीचे होतील आणि तोच धूसर उतार अधिक तुकड्यांत कापतील. कड अधिक धारदार होणार नाही. उलट निळा प्रकाश वापरला तर तोच ठिपका साधारण पाऊणपट उरतो. बॅकलाइट बदलायचाच असेल तर निळा आणि समांतर किरणांचा घ्या.

समांतर किरणांचा आग्रह का, तेही सांगतो. ग्राइंडिंग झालेला शाफ्ट चकचकीत असतो. मोठ्या पसरट बॅकलाइटच्या कडेकडून तिरपा आलेला उजेड शाफ्टच्या अंगाला घसटून परावर्तित होतो आणि थेट लेन्समध्ये शिरतो. मग छायेच्या आतल्या काठावर उजळ झालर दिसते, कड आत सरकते आणि शाफ्ट बारीक मोजला जातो. किती बारीक, ते पृष्ठभागाच्या चकाकीवर अवलंबून राहते. ग्राइंडिंग चाकाला ड्रेसिंग केल्यानंतर (त्याचा पृष्ठभाग पुन्हा धारदार केल्यानंतर) जर आपले वाचन अचानक बदलत असेल तर याची शंका घ्या. तूर्तास काळ्या पुठ्ठ्याने बॅकलाइटची खिडकी जॉबच्या गरजेपुरती अरुंद केली तरी बराच फरक पडतो.

उत्तर : मोजपट्टी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. केवळ एका व्यासासाठी आणि २० मायक्रॉनांच्या पट्ट्यासाठी कॅमेरा हे माझ्या मते पहिल्या पसंतीचे साधन नाही. एअर गेज (हवेच्या झोतावरून माप काढणारे साधन) किंवा स्पर्शाने मोजणारा स्वयंचलित गेज हे काम अधिक सहज करतो. एअर गेजची हवा तर जॉबवरचा तेलाचा थर आणि धूळ मोजण्यापूर्वी बऱ्याच अंशी उडवून लावते. कॅमेऱ्याला तेल म्हणजेही शाफ्टच दिसतो, आणि दोन्ही बाजूंना एकेक मायक्रॉनचा थर असला तरी व्यास दोन मायक्रॉनांनी वाढतो. कॅमेऱ्याचे खरे बळ तेव्हा दिसते, जेव्हा एकाच चित्रातून अनेक व्यास, खाचा, चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा), त्रिज्या आणि लांब्या मिळवायच्या असतात किंवा जॉब मऊ असल्यामुळे त्याला स्पर्शच करायचा नसतो.

तरीही स्थानक उभे आहेच, तर ते विश्वासार्ह आहे की नाही हे आकड्यांनी सिद्ध करा. प्रथम एकच मास्टर किमान २५ वेळा, शक्य तर ५० वेळा मोजा, आणि दर वेळी तो उचलून पुन्हा ठेवा. जागेवरून न हलवता घेतलेली वाचने फक्त कॅमेऱ्याची स्थिरता सांगतात. फिक्स्चरची (जॉब बसवण्याच्या आधाराची) चूक त्यांत येत नाही, आणि बहुतेक वेळा मोठी चूक तीच असते. टॉलरन्सच्या २० टक्क्यांना प्रमाण विचलनाच्या सहापटीने भागून येणारा क्षमता निर्देशांक १.३३ किंवा अधिक असावा, असा प्रघात आहे. आपल्या २० मायक्रॉनांसाठी याचा अर्थ असा की प्रमाण विचलन अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जास्त असता कामा नये. अट कडक आहे, पण ती पाळता येते. त्यानंतर १० जॉब आणि प्रत्येकी ३ वाचने घेऊन गेज आर अँड आर (एकूण फरकात मोजणीचा वाटा किती टक्के, याची चाचणी) करा. तीन ऑपरेटरांच्या जागी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्या धरा, म्हणजे आपली तिसरी अडचण थेट निकालात दिसेल. १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा, ३० च्या वर गेले तर त्या वाचनांवर जॉब स्वीकारू किंवा नाकारू नका, आणि मधल्या पट्ट्यात कामाचे महत्त्व पाहून ठरवा.

आणखी एक बाब येथे कोणी काढली नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले शाफ्ट सेंटरलेस ग्राइंडिंगचे (टोकांना न पकडता, दोन चाकांमध्ये पट्टीवर टेकवून केलेल्या ग्राइंडिंगचे) आहेत का? असतील तर त्यांत तीन किंवा पाच उंचवट्यांचे लोबिंग येऊ शकते. विषम संख्येच्या लोबिंगचे वैशिष्ट्य असे की समोरासमोरच्या दोन कडांमधले अंतर सर्व दिशांनी जवळपास सारखेच येते, जरी शाफ्ट गोल नसला तरी. मायक्रोमीटर ते पकडत नाही आणि छायेची रुंदी मोजणारा कॅमेराही नाही. दोघांचे एकमत होते, आणि शाफ्ट मात्र त्याच मापाच्या रिंग गेजमध्ये (कड्यासारख्या मापकात) जात नाही. गेजच्या 'गो' बाजूने (जी चांगल्या जॉबवर बसायलाच हवी) जॉबचा संपूर्ण आकार एकाच वेळी तपासला पाहिजे, हे टेलरचे तत्त्व याचसाठी आहे. आपल्या मांडणीत यावर एक सोपी युक्ती करता येईल. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर हळू फिरवा आणि रुंदी न पाहता फक्त वरच्या कडेचे स्थान नोंदवत राहा. रुंदी स्थिर असताना वरची कड वर-खाली होत असेल, तर लोबिंग आहे असे समजा. टेकण्याचे दोन बिंदू आणि वरची कड असे तीन बिंदू मिळून जे दाखवतात ते समोरासमोरचे दोन बिंदू दाखवू शकत नाहीत.

प्रतिसाद : दंडगोल

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्रयोग केले, त्यांचे निकाल लिहितो.

थंड मास्टर जागेवर ठेवून बॅकलाइटचा उजेड साधारण ५ टक्क्यांनी कमी केला, तेव्हा वाचन ३ ते ४ मायक्रॉनांनी वाढले. करडेपणाच्या सर्वाधिक बदलाचे स्थान कड मानल्यावर त्याच प्रयोगात अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी फरक पडला. ग्राइंडिंगमधून आलेला कोमट जॉब आणि तासाभराने निवलेला तोच जॉब यांत २ मायक्रॉनांच्या आसपास अंतर आढळले. २५ आणि १६ मिमीसाठी आता स्वतंत्र दंडगोल मास्टर लावले आहेत आणि वजा करण्याचा जुना आकडा सॉफ्टवेअरमधून काढून टाकला आहे. टेलिसेंट्रिक लेन्स आणि निळ्या समांतर बॅकलाइटची मागणी नोंदवली असून कॅमेरा तोच ठेवणार आहोत.

मास्टर उचलून-ठेवून घेतलेल्या ५० वाचनांचे प्रमाण विचलन मात्र ०.८ मायक्रॉन आले, म्हणजे क्षमता निर्देशांक १.३३ ऐवजी जेमतेम ०.८३ भरतो. न हलवता घेतलेल्या वाचनांत तेच ०.२ होते. शाफ्ट सेंटरलेस ग्राइंडिंगचेच आहेत. फिरवून पाहिल्यावर १० पैकी २ जॉबांची वरची कड स्पष्टपणे वर-खाली झाली, जरी त्यांची रुंदी हलली नाही. ते दोन्ही जॉब आमच्या नोंदीत 'चांगले' होते, याची मला फार काळजी वाटते. उचलून-ठेवल्याने येणारा फरक कमी करण्यासाठी कोठून सुरुवात करावी?

उत्तर : मोजपट्टी

दोन शंका तपासा. शाफ्ट चित्रात किंचित तिरपा बसत असेल आणि सॉफ्टवेअर सरळ उभ्या रेषेत रुंदी मोजत असेल, तर १ अंशाच्या तिरपेपणाने २५ मिमीवर जवळपास ४ मायक्रॉन वाढतात. दोन्ही कडांवर सरळ रेषा बसवून त्यांच्याशी काटकोनात अंतर मोजायला सांगा, म्हणजे हा भाग गणितानेच जाईल. त्यानंतरही फरक उरला तर व्ही-ब्लॉकच्या टेकण्याच्या जागा पाहा : रुंद पृष्ठभागांवर किस आणि तेल साचते, म्हणून तेथे चार अरुंद कार्बाइड पॅड बसवा आणि प्रत्येक जॉबपूर्वी हवेचा झोत मारा.

त्या दोन जॉबांसाठी मात्र थांबू नका. त्याच लॉटमधले उरलेले सर्व शाफ्ट आजच रिंग गेजमधून घालून पाहा, आणि ग्राइंडिंग यंत्रावर जॉबाच्या केंद्राची उंची व वर्क-रेस्ट ब्लेडचा (जॉब ज्यावर टेकतो त्या पट्टीचा) कोन तपासून घ्या, कारण तीन उंचवट्यांचे लोबिंग बहुधा तेथूनच जन्म घेते.